पालेर्मोचा किरमिजी झगा

व्हिएन्ना शहरातील हॉफबुर्ग राजवाड्यात ऑस्ट्रियाच्या जुन्या बादशाही घराण्याचा खजिना जतन केलेला आहे. त्यात मुकुट आहेत, तलवारी आहेत, रत्नजडित क्रूस आहेत. या सगळ्यांत एक रेशमी झगाही आहे. त्याला बाह्या नाहीत. खांद्यांवरून पांघरायचा आणि छातीवर अडकवायचा, असा तो अर्धवर्तुळाकार राजझगा आहे. पसरला तर सरळ बाजूने जवळजवळ साडेतीन मीटर भरतो. रंग गडद किरमिजी. त्यावर सोन्याच्या धाग्याचे भरतकाम आणि आकृत्यांच्या कडांना मोत्यांच्या दुहेरी ओळी. पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटांच्या खांद्यावर राज्याभिषेकाच्या वेळी हा झगा घातला जाई. पोपच्या किंवा आर्चबिशपच्या हातून मुकुट स्वीकारताना ख्रिस्ती जगाचा सर्वोच्च राजा तो पांघरून उभा राही.

या झग्याच्या गोलाकार काठावर सोनेरी अक्षरांची एक लांबलचक ओळ आहे. ती अक्षरे लॅटिन नाहीत, जर्मनही नाहीत. ती अरबी आहेत, कुफी वळणाची. त्या ओळीच्या अखेरीस गावाचे नाव आहे आणि साल आहे. साल हिजरी आहे : ५२८.

हिजरी ५२८ म्हणजे इसवी सन ११३३-३४. गाव सिसिली बेटावरचे पालेर्मो. मजकुरात त्याला ‘मदीना सिकिल्लिया’ म्हणजे ‘सिसिलीचे शहर’ म्हटले आहे. त्यावेळचा राजा होता रॉजर दुसरा, नॉर्मन वंशाचा ख्रिस्ती राजा. एका ख्रिस्ती राजाच्या झग्यावर अरबी मजकूर आणि हिजरी साल कसे आले, हा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर शोधत गेले की आम्हां मुसलमानांच्या इतिहासातले एक विसरलेले पान उघडते. त्या पानावर अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे, आणि मान खाली जावी असे दुःखही आहे.

सिसिलीवर मुसलमानांची स्वारी ८२७ साली झाली. ८३१ मध्ये पालेर्मो त्यांच्या हाती आले आणि पुढची सुमारे अडीचशे वर्षे ते बेट अरबी संस्कृतीचे एक केंद्र राहिले. ऊस, लिंबू, संत्री यांच्या बागा, पाटबंधारे आणि कागद हे सारे त्या काळात तिथे रुजले. पुढे ११ व्या शतकात अमीरांच्या आपसांतल्या भांडणांनी ते राज्य पोखरले. १०६१ मध्ये नॉर्मन सरदारांनी बेटावर पाय ठेवला, १०७२ मध्ये पालेर्मो घेतले आणि १०९१ पर्यंत सगळे बेट जिंकले. नॉर्मन हे मूळचे उत्तरेकडचे लढवय्ये लोक. लढाई त्यांना येत होती, पण एवढे संपन्न राज्य चालवायला जे दफ्तर लागते, जे हिशेबनीस लागतात, जे कारागीर लागतात, ते त्यांच्यापाशी नव्हते. म्हणून त्यांनी शहाणपणाने जुनी घडी मोडली नाही. दिवाण अरबीत चालत राहिला. राजाची फर्माने लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तिन्ही भाषांत निघत. रॉजरने स्वतःसाठी ‘अल्-मुअतज़ बिल्लाह’ असा अरबी लकब घेतला. त्याच्या सोन्याच्या नाण्यांवर अरबी अक्षरे होती. विख्यात भूगोलवेत्ता अल्-इद्रीसी त्याच्याच दरबारात होता. जगाचे वर्णन करणारा त्याचा मोठा ग्रंथ ११५४ मध्ये याच राजासाठी पुरा झाला. राजवाड्यातल्या चॅपेलचे लाकडी छतसुद्धा मुकर्नस पद्धतीचे आहे आणि त्यावर कुफी अक्षरे आहेत. हे सगळे पाहिले म्हणजे झग्यावरचा अरबी काठ नवल वाटण्याजोगा राहत नाही.

आता हा झगा तयार कसा झाला ते पाहू. मुसलमानी राजवटींत फार जुन्या काळापासून ‘तिराज़’ नावाची संस्था होती. शब्द मूळ फारसी, अर्थ भरतकाम. उमय्या आणि अब्बासी खलिफांच्या काळात राजवाड्याच्या ताब्यात खास कापडाचे कारखाने असत. तिथे तयार होणाऱ्या वस्त्रांच्या पट्टीवर खलिफाचे नाव, दुआ, गाव आणि साल विणले वा भरले जाई. ती वस्त्रे राजा स्वतः वापरी आणि ज्यांचा मान करायचा त्यांना खिलअत म्हणून देई. इब्न खल्दून याने आपल्या ‘मुकद्दिमा’त तिराज़वर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. नाणे, खुतबा आणि तिराज़ या तिन्हींवर ज्याचे नाव, तोच राजा, असा तो रिवाज होता.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. आमच्याकडे पेशवाईची ‘वस्त्रे’ मिळत. वस्त्रे मिळाली म्हणजे पद मिळाले, असा त्याचा सरळ अर्थ होता. दरबारी मौल्यवान वस्त्रे ज्या ठिकाणी ठेवली जात त्याला जामदारखाना म्हणत. हा खिलअतीचाच रिवाज दख्खनच्या सुलतानांकडून आणि मोगलांकडून मराठ्यांपर्यंत आलेला. पालेर्मोच्या झग्यावरच्या मजकुरात कारखान्यासाठी जो शब्द आहे तो ‘खिज़ाना’ असा आहे. मराठीतला ‘खजिना’ त्याच मुळातून आला. एका शब्दाचा धागा पालेर्मोपासून साताऱ्यापर्यंत असा पोचतो.

झग्याचे मूळ कापड घट्ट विणीचे भारी रेशीम आहे. युरोपात त्याला ‘सॅमाइट’ म्हणत. त्यात ताण्याचे दोन संच असतात. त्यांपैकी एक आत दडून राहतो आणि दुसरा बाणा धरून ठेवतो. त्यामुळे वरून रेशमाचा बाणाच दिसतो, तिरप्या बारीक रेघांत, आणि कापडाला वजन येते. असे कापड सहज सुरकुतत नाही आणि जड भरतकाम पेलते. विणकर किती मुरलेला होता ते इथेच कळते. साध्या रेशमावर एवढे सोने आणि एवढे मोती चढवले असते तर ते केव्हाच फाटले असते. हे मात्र पावणेनऊशे वर्षांहून अधिक काळ टिकले.

रंगाची गोष्ट तर आणखी गोड आहे. हा लाल रंग वनस्पतीचा नाही. भूमध्य समुद्राच्या आसपास ओकच्या झुडपांवर वाढणारा एक बारीक किडा वाळवून त्यापासून तो काढीत. अरबीत त्या किड्याला ‘किर्मिज़’ म्हणतात. मराठीत आम्ही ज्याला ‘किरमिजी’ म्हणतो तो शब्द इथलाच, आणि इंग्रजांचा ‘क्रिमझन’ही इथलाच. एका झग्यापुरते रेशीम रंगवायचे तर किडे हजारोंच्या संख्येने लागत. ते झुडपांवरून हाताने वेचावे लागत. म्हणून हा रंग राजेरजवाड्यांनाच परवडे.

भरतकामाची रीत आमच्या जरदोजी कारागिराला पाहताक्षणी ओळखता येईल. रेशमी धाग्यावर सोन्याची पातळ पट्टी गुंडाळून धागा करायचा. आमच्याकडे त्याला कलाबतू म्हणतात. हा धागा सुईने कापडात खालीवर घालायचा नाही, नाहीतर सोने सोलून निघेल आणि कापडही चिरेल. तो कापडावर मांडायचा आणि बारीक रेशमी टाक्यांनी जागच्या जागी बांधून टाकायचा. अशा एकाशेजारी एक ओळी लावीत गेले की सोन्याचा अखंड पत्रा अंथरल्यासारखा दिसतो. वळणे घ्यायची, सिंहाच्या आयाळीचे केस दाखवायचे, उंटाच्या अंगावरची नक्षी काढायची, ती सारी या मांडणीच्या दिशेने. त्यावर मोती ओवायचे, मीनाकामाची छोटी फुले बसवायची, माणके आणि नीलम जडवायचे. हे एका माणसाचे काम नव्हे. कापड विणणारा, रंगारी, सोने ओढणारा, नक्षी रेखणारा, भरतकाम करणारा, मोती ओवणारा, मीनाकार आणि अक्षर काढणारा कातिब असे कितीतरी हात एका झग्यावर फिरले असतील.

झग्याच्या मध्यभागी खजुराचे झाड आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकांकडे पाठ करून दोन सिंह उभे आहेत आणि प्रत्येक सिंहाच्या पंजाखाली एकेक उंट दबलेला आहे. दोन्ही बाजू एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या जुळतात. झगा पांघरला की झाड पाठीच्या कण्यावर येते आणि दोन सिंह दोन्ही खांद्यांवरून पुढे झेपावल्यासारखे दिसतात. नक्षी रेखणाऱ्याने कापड सपाट पसरून काम केले, पण डोळ्यांपुढे चालता राजा ठेवला होता, हे यावरून उघड होते.

या चित्राचा अर्थ काय यावर पंडितांत वाद आहे. अनेकांनी सांगितले की सिंह म्हणजे नॉर्मन राजा आणि उंट म्हणजे हरलेले अरब. अर्थ सोपा आहे आणि काहींना सुखावणाराही. तो अर्थ राजाच्या मनात नसेलच असे आम्ही म्हणत नाही. पण सिंहाने दुसऱ्या जनावराला लोळवणे हे चित्र त्याआधी कितीतरी शतके इराणपासून शामपर्यंत काढले जात होते. जेरिकोजवळ खिरबत अल्-मफ्जर येथे ८ व्या शतकातील उमय्या महालाचे अवशेष आहेत. तिथल्या हमामखान्यात जमिनीवर मोझेइकचे एक चित्र आहे. मोठे झाड, एका बाजूला चरणारी हरणे, दुसऱ्या बाजूला हरणावर झडप घालणारा सिंह. ते चित्र मुसलमान राजपुत्राने मुसलमानी महालात काढून घेतले होते. म्हणजे सिंह हे मुसलमान राजांचेही राजचिन्ह होते. काही अभ्यासकांना तर या सिंहांत आकाशातल्या सिंहराशीच्या खुणा दिसतात. पालेर्मोचा कारागीर आपल्या उस्तादांकडून शिकलेली नक्षी काढत होता. नव्या धन्याने तीत स्वतःचा विजय पाहिला असेल, तर एकच चित्र दोघांनी दोन अर्थांनी वाचले एवढेच.

काठावरचा मजकूर यमक जुळवलेल्या गद्यात आहे. हे वस्त्र बादशाही खिज़ान्यात तयार झाले, त्या खिज़ान्यात भाग्य, इज्जत, पूर्णता आणि समृद्धी नांदो, तिथले दिवस आणि रात्री अखंड सुखात जावोत, अशा दुआ त्यात आहेत. नंतर गाव आणि साल. त्यात राजाचे नावसुद्धा नाही. कारागिराचे नाव तर नाहीच. हे आम्ही वाचकांच्या ध्यानात आणून देतो, कारण पुढे त्याकडे पुन्हा वळायचे आहे.

सालाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. रॉजरच्या आरमाराने ११४७ मध्ये ग्रीसमधल्या थेबीस आणि कॉरिंथ या शहरांवर धाड घातली आणि तिथले रेशीम कारागीर पकडून पालेर्मोला आणले. तेव्हापासून सिसिलीत रेशीमकाम सुरू झाले, अशी समजूत युरोपात बराच काळ रूढ होती. झग्यावर ५२८ हे साल आहे, म्हणजे या धाडीच्या १३ वर्षे आधीचे. एवढे भारी भरतकाम करणारा कारखाना तेव्हा तिथे चालू होता. साल भरणाऱ्या त्या अनाम हाताने आपल्या बिरादरीची साक्ष नोंदवून ठेवली, ती अशी उपयोगी पडते. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की मूळ रेशमी कापड बायझंटाइन प्रदेशातून आले असावे असे बरेच जाणकार मानतात. झगा घडला तो अनेक देशांच्या आणि अनेक धर्मांच्या हातांनी. तो केवळ आमचाच, असे म्हणण्यात अर्थ नाही.

या कारखान्याबद्दल एका प्रत्यक्षदर्शीचा शब्द आपल्याला उपलब्ध आहे. अंदलुसचा प्रवासी इब्न जुबैर हजहून परतताना ११८४ च्या डिसेंबरात त्याचे जहाज मेसिनाजवळ फुटले आणि तो सिसिलीत अडकला. रॉजरचा नातू विल्यम दुसरा तेव्हा गादीवर होता. राजाच्या तिराज़मध्ये सोन्याचे भरतकाम करणारा याह्या बिन फित्यान नावाचा एक माणूस इब्न जुबैरला भेटला. राजवाड्यातल्या दासी मुसलमान आहेत आणि ख्रिस्ती बायकाही त्यांच्या संगतीने गुपचूप इस्लाम स्वीकारतात, असे त्याने सांगितले. नाताळच्या दिवशी पालेर्मोच्या ख्रिस्ती स्त्रिया मुसलमान बायकांसारखा पेहराव करून, सोनेरी रेशमी वस्त्रे लेवून, मेंदी आणि अत्तर लावून चर्चला निघालेल्या इब्न जुबैरने पाहिल्या. आमच्या कारागिरीचा तो बहराचा काळ होता.

पण त्याच प्रवासवर्णनात दुसरी बाजूही आहे. पालेर्मोत मशिदी होत्या, काजी होता, अजान होत होती, मात्र जुम्याचा खुतबा बंद होता. तो फक्त दोन्ही ईदांना होई. बड्या घरचे मुसलमान भीतीने जगत होते. एका प्रतिष्ठित माणसाने तर आपली मुलगी निघालेल्या हाजींपैकी एकाशी निकाह लावून देऊ केली, का तर ती या मुलखातून सुटून मुसलमानी देशात पोचावी. ज्यांच्या हातचे रेशीम ख्रिस्ती बायका सणाला हौसेने नेसत होत्या, त्यांना आपल्या लेकी दूर पाठवाव्याशा वाटत होत्या. ११६१ च्या बंडाळीत पालेर्मोच्या मुसलमानांवर हल्ले झालेच होते. ११८९ मध्ये विल्यम मरण पावला आणि पुन्हा कत्तली झाल्या. उरलेले लोक डोंगरांकडे पळाले.

११९४ मध्ये रॉजरचा जावई, जर्मनीचा सम्राट हेन्री सहावा याने सिसिली घेतले. पालेर्मोचा खजिना खेचरांवर लादून आल्प्सपलीकडे गेला. झगा त्याच वाटेने गेला असे मानतात. हेन्रीचा मुलगा फ्रेडरिक दुसरा याचा १२२० मध्ये रोममध्ये सम्राट म्हणून अभिषेक झाला, तेव्हा हाच झगा त्याच्या अंगावर होता असे सांगतात. फ्रेडरिक विद्वान होता, अरबी तत्त्वज्ञानाचा त्याला शौक होता, अंगरक्षकांत मुसलमान होते. १२२९ मध्ये त्याने सुलतान अल्-कामिलशी तह करून लढाईशिवाय जेरुसलेम मिळवले. आणि याच फ्रेडरिकने सिसिलीतल्या बंडखोर मुसलमानांना बेटावरून उठवून इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेरा या गावी नेऊन बसवले. १२२० नंतरच्या वर्षांत हे हद्दपारीचे सत्र सुरू झाले आणि १२४६ च्या सुमारास सिसिलीतले उरलेसुरले मुसलमानही संपले. लुचेरात त्यांना मशिदी बांधता आल्या, शेती आणि हस्तोद्योग करता आले. पण १३०० च्या ऑगस्टमध्ये नेपल्सचा राजा चार्ल्स दुसरा याने लुचेरा मोडले आणि बहुतेक लोकांना गुलाम म्हणून विकले. सिसिलीच्या मुसलमानांची कहाणी तिथे संपते.

झग्याची कहाणी मात्र चालू राहिली. १४२४ पासून साम्राज्याची राजचिन्हे न्युरेंबर्ग शहरात ठेवली जात. ती सारी शार्लमेन बादशहाची आहेत अशी लोकांची श्रद्धा होती. शार्लमेन वारला ८१४ मध्ये. झग्याच्या काठावर त्याच्या निर्मितीचे साल स्वच्छ भरलेले असताना शतकानुशतके ती समजूत चालली, कारण ती अक्षरे वाचणारे तिथे कोणी उरले नव्हते. सोन्याची वेलबुट्टी म्हणूनच लोक त्यांच्याकडे पाहत. पुढे १८ व्या शतकात अरबी जाणणाऱ्या युरोपीय पंडितांनी तो मजकूर उलगडला, तेव्हा झगा खरा कुठला ते कळले. १७९२ मध्ये अखेरच्या सम्राटाचा अभिषेक झाला, १८०६ मध्ये साम्राज्यच संपले. नेपोलियनच्या फौजांपासून वाचवलेली राजचिन्हे व्हिएन्नाला गेली. १९३८ मध्ये नाझींनी ती न्युरेंबर्गला नेली, आणि १९४६ मध्ये ती पुन्हा व्हिएन्नाला आली.

आम्ही ही हकीकत एवढ्या विस्ताराने सांगितली ती ‘पाहा, युरोपचे सम्राट आमचे कपडे घालीत’ अशी फुशारकी मारण्यासाठी नव्हे. अशी फुशारकी सभांमधून पुष्कळ ऐकू येते आणि तिने कोणाचे पोट भरत नाही. लुचेराचे नाव घेऊन उसासे टाकण्यासाठीही नव्हे. वस्तूची कदर झाली म्हणून ती करणाऱ्या माणसाची कदर होतेच असे नाही, हे या झग्यातून शिकायचे आहे. सम्राट झगा जपत राहिले आणि झगा करणाऱ्यांच्या नातवंडांना गाव सोडावे लागले. दोन्ही गोष्टी एकाच घराण्याने केल्या आणि तिला त्यात विसंगती वाटली नाही.

आता नजर आपल्या अंगणाकडे वळवू. औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, हिमरू आणि मशरू विणला जाई. हिमरूत सुती ताणा आणि रेशमी बाणा. मशरूत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा, वीण अशी की रेशीम वर झळकावे आणि अंगाला सूत लागावे. पुरुषांनी रेशीम नेसू नये या शरीअतच्या हुकमाचा मान राखून सौंदर्य कसे साधावे, याचे उत्तर विणकराने मागावर शोधले, म्हणून त्या कापडाचे नावच ‘मशरू’, म्हणजे शरीअतला मान्य. हिमरू हातमागावर विणणारे आता मोजके उरले आहेत. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी मालेगाव-भिवंडीत माग बसवले, तिथे आज यंत्रमागांचा खडखडाट आहे. निजामशाही शेरवान्या आणि जुने किनखाप संग्रहालयांत काचेमागे लागले आहेत. खाली पाटीवर प्रदेश असतो, शतक असते, कधी कोणा नवाबाचे नाव असते. विणणाऱ्याचे नाव सहसा नसतेच. पालेर्मोच्या झग्यावर नव्हते, तसेच.

पालेर्मोच्या तिराज़मधल्या एका भरतकाम्याचे नाव आम्हांला माहीत आहे, याह्या बिन फित्यान. ते राजाच्या दफ्तरातून आले नाही आणि कापडावरूनही आले नाही. एका प्रवाशाने त्याला भेटून, त्याच्याशी बोलून, घरी गेल्यावर ते लिहून ठेवले, म्हणून ते आठशे वर्षांवर टिकले. हे काम करायला राज्य लागत नाही, पैसा लागत नाही. आमच्या कितीतरी घरांत आजीचा भरजरी दुपट्टा, आजोबांची हिमरूची शेरवानी, निकाहाचा जुना जोडा ट्रंकेत घडी घालून ठेवलेला आहे. तो कोणत्या गल्लीत, कोणाच्या मागावर विणला, जर कुठून आली, भरतकाम कोणी केले, हे सांगू शकणारी म्हातारी माणसे अजून काही घरांत आहेत. त्यांना विचारून घ्यावे, एका कागदावर गाव, साल आणि कारागिराचे नाव लिहावे आणि तो कागद त्या कपड्याच्या घडीतच ठेवावा.